नाव पुकारून नेलेल्या सात घोड्या

दुपारचं जेवण झालं की तिलेऊ अंगणातल्या पॉप्लरच्या झाडाखाली लोकरीचा नमदा टाकून आडवा व्हायचा, आणि डोळा लागतो न लागतो तोच घोड्या यायच्या. सात. सगळ्यांत पुढे राखाडी, एका कानाचं टोक उडालेली. तिच्यामागे दोन तांबड्या, एक काळी, दोन पिवळसर आयाळीच्या, आणि सगळ्यांत मागे ती गाभण, पोट सावरत जड पावलांनी चालणारी. नदीत गुडघाभर पाण्यात त्या ओळीनं उभ्या राहायच्या आणि त्याच्याकडे बघत बसायच्या. पाणी प्यायच्या नाहीत, पुढे जायच्या नाहीत, मागे फिरायच्या नाहीत. पंचवीस वर्षं हे असंच चाललं होतं.

बायको होती तोवर ती विचारायची, "आल्या होत्या का?" आणि तो चहाचा वाडगा तिच्यापुढे सरकवत म्हणायचा, "आल्या होत्या." बस, एवढंच. मग बायको, काम्शात, वारली, मंगोलियातलं घर सुटलं, दोन सीमा ओलांडून तो झायसानकडच्या या कझाक गावात मुलीकडे येऊन पडला, तरी घोड्यांनी काही त्याचा माग सोडला नाही. त्यांना कुठे कोण पासपोर्ट विचारतंय.

तिलेऊ चामड्याच्या वाद्या विणायचा. चाबूक, दावी, लगाम. आठ पदरी वीण तर अशी की गाठ कुठे सुरू झाली आणि कुठे संपली हे शोधून दाखवा. गावात त्याच्या हाताला मान होता. बाकी मान जरा बेताचाच. एक तर तो कझाकच, पण पलीकडून, मंगोलियातून आलेला, चहात मीठ घालणारा. त्यात मुलगा नाही म्हणून म्हातारपणी जावयाच्या घरी राहिलेला. शेजारची बालझिया आपा कुंपणावरून रोज विचारायची, "काय रे मंगोला, आज जावयानं वाढलं की नाही पोटभर?" तिलेऊ मान न उचलता म्हणायचा, "वाढलं आपा, तुझ्याच घरचं उरलेलं होतं." जावई बिचारा सरळ माणूस, ट्रक घेऊन पंधरा-पंधरा दिवस बाहेर. त्याच्या मनातही असलं काही नसायचं. पण टोचायचं ते टोचायचंच.

तरी तिलेऊला इथेच राहायचं होतं, आणि त्याला कारण होतं. मुलीला, कुलझिराला, सातवा महिना लागला होता. सप्टेंबरात बाळ येणार होतं. कुलझिरा जन्मली तेव्हा तो जवळ नव्हता. पहिल्यांदा लेकीला पाहिलं तेव्हा ती चालायला लागली होती आणि त्याला बघून आईच्या मागे लपली होती. ते त्याच्या काळजात रुतून बसलं होतं. या वेळी मात्र दाराशी आपण असायचं, हे त्यानं ठरवून टाकलं होतं. पण त्याचा तात्पुरता परवाना ऑगस्टअखेर संपत होता. पुढे राहायचं तर कायमच्या वास्तव्याचा कागद हवा, आणि तो मिळाला नाही तर गाठोडं बांधून परत.

अर्ज भरला होता तालुक्याच्या गावी, कचेरीबाहेरच्या टपरीत. तिथे लारिसा नावाची बाई कॉम्प्युटर घेऊन बसे आणि ज्यांना फॉर्म भरता येत नाहीत त्यांचे भरून देई. भली बाई, फक्त घाईत. जन्म कुठला, बायको कधी वारली, आजार काय, हातानं टकटक करत ती विचारत गेली. मग विचारलं, "कुठल्या गुन्ह्यात कधी शिक्षा?" तिलेऊ खुर्चीत ताठ झाला आणि म्हणाला, "बाई, मी चोर नाही." लारिसानं "नाही" असं लिहिलं आणि पुढचा प्रश्न विचारला. कुलझिरा तेव्हा बाहेर झाडाखाली बसून जर्दाळू खात होती.

खोटं बोलावं असं त्याच्या मनातही नव्हतं. हीच तर सगळी गंमत. त्याच्या खोऱ्यातल्या कुठल्याही माणसानं त्या प्रश्नाला तेच उत्तर दिलं असतं.

जूनच्या शेवटी मंगोलियाहून त्याच्या पोलीस-नोंदीचा दाखला आला आणि कचेरीतून फोन आला. बापलेक मिनीबसनं गेले. पॉप्लरचा कापूस सगळ्या रस्त्यावर उडत होता, खिडकीतून आत येऊन कुलझिराच्या केसांत बसत होता. कचेरीत मेरुएर्त नावाची कॅप्टन हुद्द्याची अधिकारी होती, चाळिशीतली, डोळ्यांखाली काळं आलेली. तिनं कागद उलटा फिरवून त्यांच्यापुढे ठेवला. तो आधी कुलझिरानं वाचला. पशुधनाची चोरी, घोडे सात, कारावास दोन वर्षं. खाली तारीख होती, कुलझिराच्या जन्माच्याच वर्षाची. कुलझिरानं ती तारीख दोनदा वाचली, मग बापाकडे पाहिलं आणि खिडकीकडे तोंड फिरवलं.

मेरुएर्त बाईचा आवाज चढलेला नव्हता. "अगा, तुमची शिक्षा जुनी आहे," थोरल्या माणसाला अगा म्हणत ती म्हणाली. "मुदत केव्हाच सरली. तुम्ही 'हो' लिहिलं असतं तर मी एक शेरा मारला असता आणि कागद पुढे गेला असता. पण तुम्ही 'नाही' लिहिलंत. जुन्या शिक्षेला नियम माफ करतो, खोट्या माहितीला नाही करत."

खोटं ठरलं तर अर्ज बाद. अर्ज बाद झाला की सीमेपलीकडे जायचं आणि सगळं पहिल्यापासून, म्हणजे वर्ष तरी गेलंच. मेरुएर्तनं हे सांगितलं, मग दाराकडे एक नजर टाकली आणि आवाज खाली आणला. एक वाट होती. स्वतःच्या हातानं खुलासा लिहून द्यायचा. "लिहा की विसरलो. पंचवीस वर्षं झाली, माणूस विसरतो. विसरणं म्हणजे खोटं नव्हे. सोमवारपर्यंत आणा, मी इथल्या इथे मिटवते."

 घरी आल्यावर कुलझिरानं पीठ घेतलं आणि मळायला बसली, नको इतकं मळत राहिली.

"आई सांगायची, तुम्ही खाऱ्या सरोवरावर मीठ काढायला गेला होतात," शेवटी ती म्हणाली.

"ती तसं म्हणाली. मग मी कशाला नाही म्हणू?"

"आणि मी सगळ्या शाळेला सांगत फिरायचे, माझे बाबा मिठावरचे मुकादम आहेत."

तिलेऊला हसू आलं आणि लगेच लाजही वाटली. मग तो चुलीजवळ बसला आणि आजवर बायकोखेरीज कुणाला न सांगितलेलं त्यानं मुलीला सांगितलं. पिठाचा गोळा कोरडा पडेपर्यंत सांगितलं. घोड्या अजून येतात, हेही सांगितलं.

त्याच्या बापाजवळ एक वळू घोडा होता. सगळ्या खोऱ्यात तसा घोडा नव्हता. कब्दिल नावाचा एक पैसेवाला माणूस जत्रेतल्या शर्यतीसाठी तो मागून घेऊन गेला, शर्यतीनंतर प्यायला, आणि वसंतातल्या पातळ बर्फावरून त्यानं घोडा नदीत घातला. स्वतः बाहेर आला. घोडा आला नाही. आता घोडा मरतो, त्याला कोण काय करणार. पण कब्दिलनं येऊन दोन शब्दही बोलू नयेत? वडीलधाऱ्यांनी तीनदा निरोप धाडला. कब्दिल आला नाही. बापानं अंथरूण धरलं.

असं झालं की त्यांच्याकडे जुनी रीत होती, बारिम्ता. ज्यानं नुकसान केलं आणि जाब दिला नाही, त्याचे घोडे उघड हाकून आणायचे, म्हणजे त्याला यावंच लागतं. मग वडीलधारे बसतात, तोडगा निघतो आणि घोडे परत जातात. पण त्याचे नियम कडक. भर दिवसा जायचं. टेकडीवरून आपलं नाव, बापाचं नाव, कारण तीनदा मोठ्यानं पुकारायचं. आपल्या हातचा चाबूक त्याच्या दारच्या खुंटीला टांगायचा, म्हणजे कुणी नेलं याचा संशय नको. नेलेल्या जनावरावर स्वार व्हायचं नाही, डाग द्यायचा नाही, विकायचं नाही. यातलं एकही चुकलं तर ती चोरी.

तिलेऊचं एकही चुकलं नव्हतं. आवाज बसेपर्यंत त्यानं नाव पुकारलं होतं. एकोणीस दिवस त्या घोड्या त्यानं स्वतःच्या जनावरांच्या आधी चारल्या. अकराव्या दिवशी ती गाभण घोडी त्याच्या अंगणात व्याली. शिंगरू अडलं होतं, त्यानं कोपरापर्यंत हात घालून ते बाहेर काढलं. कपाळावर पांढरा ठिपका होता. काम्शातलाही तेव्हा दिवस गेले होते. ती बाजूला उभी राहून बघत होती.

विसाव्या दिवशी वडीलधारे आले नाहीत, पोलीस आले. काळ बदलला होता. निम्मं खोरं ट्रकांत सामान भरून कझाकस्तानकडे निघालं होतं, जे उरले ते आपापल्या पोटामागे. तोडगा काढायला बसणार कोण? कब्दिलनं सरळ पोलीस ठाण्याची वाट धरली होती. न्यायाधीश मंगोल होता, माणूस वाईट नव्हता. त्यानं विचारलं, घोड्या कुणाच्या? कब्दिलच्या. नेल्या कुणी? मी. त्याला विचारलंस? विचारलं नाही, सांगितलं. न्यायाधीशानं रीत म्हणजे काय हे ऐकून घेतलं आणि कायद्यात तसं कलम नाही असं म्हणाला. खुंटीला टांगलेला चाबूक टेबलावर होता, पुरावा क्रमांक एक. आठ पदरी वीण बघून न्यायाधीश कारकुनाला म्हणाला, काम चांगलं आहे.

कुलझिरानं सगळं ऐकून घेतलं. मग पिठाच्या हातांनी डोळे पुसले, त्यामुळे गालाला पीठ लागलं.

"लिहून टाका ना बाबा," ती म्हणाली. "विसरलो. एक शब्द आहे."

"विसरलो नाही ना पण."

"माझ्या वेळी तुम्ही नव्हतात. तेव्हा मला कळत नव्हतं. या वेळी मला कळेल."

 तिलेऊ उठून अंगणात गेला.

कुंपणावर बालझिया आपा होतीच. गावातली कुठली गोष्ट तिच्यापर्यंत पोहोचायला कधी वेळ लागला आहे? तिचं म्हणणं साधं होतं. सासऱ्याचं नाव सुनेनं घ्यायचं नसतं, म्हणून तिनं आजवर ते उच्चारलं नव्हतं. एकदा कचेरीत सासऱ्याचं नाव विचारलं तर तिनं सरळ 'माहीत नाही' असं सांगितलं होतं. "झाले का मी खोटारडी?" ती म्हणाली. "सरकारला सरकारपुरतं सांगावं. तू लिही विसरलो, आणि घरी बसून आठवत राहा की. कोण येतंय बघायला?"

हे तिलेऊला पटलंही. खरंच पटलं. त्यानं मुलीची जुनी वही घेतली, झाडाखाली बसला आणि लिहिलं, 'मी, बेर्दीबेकचा मुलगा तिलेऊ.' पुढचा शब्द लिहायला पेन टेकवलं, आणि पेन टेकवलेलंच राहिलं. बसल्या बसल्या मान कलली.

घोड्या आल्या. पाण्यात उभ्या राहिल्या. राखाडीनं उडालेल्या टोकाचा कान हलवला. तिलेऊला वाटलं, कागदावर जमत नाही तर आधी इथे म्हणून बघू, म्हणजे सवय होईल. त्यानं तोंड उघडलं. मी तुम्हाला विसरलो, एवढंच म्हणायचं होतं. पण घशातून आवाज निघेना. पाणी वाहत होतं, वरून पांढरा कापूस घोड्यांच्या पाठीवर पडत होता, आणि ती गाभण घोडी त्याच्याकडे अशी बघत होती की जणू तिला अजून वेळ आहे, ती थांबेल. जागा झाला तेव्हा वहीच्या पानावर पेनचा मोठा ठिपका पडला होता. त्यानं पान फाडलं आणि दुसऱ्या पानावर लिहायला घेतलं. या वेळी हात अडला नाही.

सोमवारी मेरुएर्तनं तो कागद वाचला, आणि वाचता वाचता चष्मा काढला. तिलेऊनं लिहिलं होतं:

'मी विसरलेलो नाही. सात घोड्या मी नेल्या. भर दिवसा, नाव पुकारून नेल्या, म्हणून त्याला मी चोरी म्हणत नाही, आणि म्हणून तुमच्या प्रश्नाला मी नाही म्हणालो. ते माझं चुकलं. मी काय म्हणतो हे तुम्ही विचारलंच नव्हतं, कोर्टानं काय म्हटलं ते विचारलं होतं. कोर्टानं चोरी म्हटलं. दोन वर्षं मी भोगली. माझं उत्तर हो असं वाचावं. माझी मुलगी सप्टेंबरात बाळंत होणार आहे. ती जन्मली तेव्हा मी तुरुंगात होतो.'

"अगा," मेरुएर्त म्हणाली, "तुम्ही माझ्या हातात काही ठेवलंच नाहीत." 'विसरलो' असं लिहिलं असतं तर तिच्या सहीनं भागलं असतं. आता कागद वर जाणार, प्रांताच्या गावी समितीपुढे. तिथले लोक काय म्हणतील ते ती सांगू शकत नव्हती. कुलझिरा बापावर चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती कमरेवर हात ठेवून जिना उतरली, एकेक पायरी.

जुलै गेला. तिलेऊ विणत राहिला, दुपारी झोपत राहिला. त्यानं पाळण्यासाठी मऊ चामड्याचे पट्टे विणले, बाळाला बांधायचे, सोळा पदरी. असलं काम त्यानं आयुष्यात केलं नव्हतं. एका बाजूला गाठोडंही बांधून ठेवलं. कुलझिरा रोज त्याच्या चहात स्वतःच्या हातानं मीठ घालायची आणि जास्तच घालायची. तो वाडगा संपवायचा.

ऑगस्टच्या मध्यावर बोलावणं आलं. लांबलचक खोली, टेबलामागे तिघं. एक तरुण, एक बाई, आणि कडेला पांढऱ्या केसांचा एक म्हातारा, ज्यानं पुढ्यातल्या चहाला हात लावला नव्हता. रिवाज म्हणून बाईनं सांगितलं, उभे राहा आणि नोंदीसाठी पूर्ण नाव सांगा.

तिलेऊ उभा राहिला. समोरच्या खिडकीतून तपकिरी डोंगर दिसत होता, आणि डोंगर दिसला की त्याचं मन कधीच ठिकाणावर राहत नसे. त्याला कळायच्या आत छाती भरली आणि आवाज निघाला, पंचवीस वर्षांपूर्वी टेकडीवर निघाला होता तोच. "मी, बेर्दीबेकचा मुलगा तिलेऊ." खिडकीची काच थरथरली. "मी, बेर्दीबेकचा मुलगा तिलेऊ." तरुण माणसाच्या हातातलं पेन थांबलं. दारापाशी बसलेली कुलझिरा उठून उभी राहिली. "मी, बेर्दीबेकचा मुलगा तिलेऊ, माझ्या लेकीजवळ राहायला आलोय."

बाई म्हणाली, ऐकू येतंय, बसा. तरुण हसला. म्हातारा मात्र हसला नाही. त्यानं फाईल उघडलीही नव्हती.

"चाबूक टांगला होतास?" त्यानं विचारलं.

खुलाशात चाबकाचा एक शब्दही नव्हता. म्हणजे म्हाताऱ्याला ती जुनी रीत ठाऊक होती.

"टांगला होता, अक्साकाल. दारच्या खुंटीला," तिलेऊ म्हाताऱ्याला मानानं म्हणाला.

"मग?"

"मग तो कोर्टात पुरावा झाला."

 म्हाताऱ्यानं बाईच्या कानात काही सांगितलं, तरुणाकडे बघून मान हलवली आणि फाईलवर लिहिलं. काय लिहिलं ते तिलेऊला दहा दिवसांनी कळलं, कायमच्या वास्तव्याचं कार्ड हातात आलं तेव्हा. मेरुएर्तनं फाईल उघडून त्याला मुद्दाम दाखवलं. शिक्षा: हो. मुदत सरलेली. माहिती अर्जदारानं स्वतः दिली. बालझिया आपानं कार्ड हातात घेऊन उलटंसुलटं पाहिलं आणि फोटो अगदीच घोडेचोराचा आलाय म्हणून सांगितलं. नंतर डोक्यावरच्या रुमालाला डोळे पुसत घरात जाऊन लोणी घेऊन आली.

सप्टेंबरात मुलगी झाली. दाराशी तिलेऊ होता. दवाखान्याच्या दाराशी त्याच्या हातात दुपट्यात गुंडाळलेलं बाळ दिलं तेव्हा त्यानं आपलं नाव पुकारलं नाही, नुसतं पुटपुटलं, आणि बाळानं जांभई दिली.

घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी, दुपारी, तो पॉप्लरखाली झोपला. पानं पिवळी पडायला लागली होती. घोड्या आल्या, पाण्यात उतरल्या. मग राखाडीनं मान खाली घातली आणि ती पाणी प्यायली. एकामागून एक साऱ्या प्यायल्या. सगळ्यांत मागे ती गाभण होती, आता हलक्या पावलांची, आणि तिच्या पोटाशी एक शिंगरू, कपाळावर पांढरा ठिपका. नदी ओलांडून त्या पलीकडच्या चढाला लागल्या. तिलेऊ काठावर उभा राहून बघत होता. राखाडीनं एकदाही वळून पाहिलं नाही. त्याला हाक मारावीशी वाटली, पण मारली नाही.

जागा झाला तेव्हा गाल ओले होते. ओसरीवर कुलझिरा बाळाला पाजत बसली होती. तिनं चहाचा वाडगा त्याच्याकडे सरकवला. आजवर तिनं कधी विचारलं नव्हतं. आज विचारलं, अगदी आईच्या आवाजात.

"आल्या होत्या का?"

तिलेऊनं वाडगा दोन्ही हातांत धरला.

"आल्या होत्या," तो म्हणाला. "पाणी पिऊन गेल्या."